जाहिरात पाहून पीएच.डी.

ओस्लोच्या नॉर्वेजियन क्रीडाविज्ञान विद्यापीठाला पीएच.डी.साठी कुणी हवं असतं तेव्हा ते प्रवेश-अर्ज मागवत नाही, नोकरीची जाहिरात देतं. मुदत तीन वर्षं. शिकवण्याचं काम अंगावर घेतलं तर चार. पगार वर्षाला पाच लाख क्रोनरच्या वर. त्यातून कर कापला जाणार, निवृत्तिवेतनाचा वाटाही कापला जाणार. भरपगारी रजा आहे, बाळंतपणाची रजा आहे. रुपयांत रूपांतर केलं तर आकडा डोळे दिपवतो, पण ओस्लोतलं घरभाडं दिल्यावर दिपलेले डोळे बऱ्यापैकी ताळ्यावर येतात. जाहिरातीतला खरा महत्त्वाचा परिच्छेद पगाराचा नसतोच. तो असतो संशोधनाच्या प्रश्नाचा. प्रश्न आधीच ठरलेला आहे, त्यासाठीचा पैसाही कुणाकडून तरी मिळालेला आहे. आता तो सोडवायला माणूस हवा आहे.

आपल्याकडे क्रम बरोबर उलटा. आधी 'पेट' ही प्रवेशपरीक्षा द्यायची, मग कोणत्या गाईडकडे जागा शिल्लक आहे याची चौकशी करायची, मग विषय शोधायचा, तो समितीपुढे मंजूर करून घ्यायचा, आणि पैशांचं पुढे बघू म्हणायचं. अमरावतीहून एम.पी.एड. झालेला मुलगा किंवा पुण्यात फिजिओथेरपी शिकलेली मुलगी परदेशाचा विचार करू लागते तेव्हा हीच सवय बरोबर घेऊन निघते: कुठलं विद्यापीठ 'चांगलं', तिथे प्रवेश कसा मिळेल, फी किती, कर्ज कोणती बँक देईल. एम.एस्सी.साठी हा रस्ता ठीक आहे. डॉक्टरेटसाठी तो महागात पडतो, कारण क्रीडाविज्ञानातल्या उत्तम जागांपैकी बऱ्याच जागांना फीच नसते आणि ज्यांना फी असते तिथे ती स्वतःच्या खिशातून भरणारा उमेदवार फारसा कामाचा मानला जात नाही. सल्लागार म्हणवणाऱ्या एजंटांकडून हे कळत नाही. त्यांचा धंदा फी भरणाऱ्यांवर चालतो, पगार घेणाऱ्यांवर नाही.

उत्तर युरोपात डॉक्टरेट ही नोकरी का झाली, याचं सरकारी उत्तर कामगार कायद्यांत सापडेल. पण क्रीडाविज्ञानापुरतं बोलायचं तर त्याची मुळं प्रयोगशाळांच्या कामाच्या पद्धतीत आहेत, आणि ती पाहायची तर कोपनहेगनपासून सुरुवात करावी लागते.

तिथे ऑगस्ट क्रोग हा शरीरशास्त्रज्ञ विश्रांतीच्या वेळी बंद असलेल्या केशवाहिन्या स्नायू कामाला लागताच कशा उघडतात याचा शोध घेत होता. त्याबद्दल त्याला १९२० सालचं नोबेल मिळालं. त्याचा सहकारी योहान्स लिंडहार्ड हा विद्यापीठात व्यायामशिक्षकांना शरीरशास्त्र शिकवत असे. व्यायाम शिकवणाऱ्यांना पेशींपर्यंत नेणारी ही जोडी आणि तिच्या हाताखाली तयार झालेले तिघे तरुण, एरिक होवू ख्रिस्टेनसेन, एर्लिंग आसमुसेन आणि मारिअस नील्सेन, यांच्यापासून स्कँडिनेव्हियातलं व्यायामविज्ञान उभं राहिलं. ख्रिस्टेनसेन १९४१ मध्ये स्टॉकहोमच्या व्यायामशिक्षण संस्थेत प्राध्यापक म्हणून गेला. ती संस्था मुळात १८१३ साली पेर हेन्रिक लिंगने काढलेली, कवायती शिकवणारी. तिथे व्यायामशिक्षक व्हायला आलेला पेर-ओलोफ ऑस्ट्रांड हा तरुण ख्रिस्टेनसेनच्या हाती लागला. ऑस्ट्रांडचा १९५२ सालचा प्रबंध लहान मुलांपासून तिशीतल्या माणसांपर्यंत, मुली आणि स्त्रियांसह, शरीराची काम करण्याची क्षमता मोजणारा होता. दोनच वर्षांनी त्याने इर्मा रिमिंगबरोबर सायकलची ती चाचणी प्रसिद्ध केली, जिच्यात सौम्य श्रमांच्या वेळचे नाडीचे ठोके मोजून कमाल ऑक्सिजन-क्षमतेचा अंदाज बांधतात. आपल्याकडच्या एम.पी.एड.च्या पुस्तकांत ही चाचणी आजही असते. तिच्यामागे एक व्यायामशिक्षक होता, हे मात्र त्या पुस्तकांत येत नाही.

पुढची कडी म्हणजे एक सुई. योनास बेर्गस्ट्रॉम या डॉक्टराने १९६२ मध्ये जिवंत माणसाच्या मांडीतून स्नायूचा बारीक तुकडा काढण्याची सुई नव्याने वापरात आणली. १९६६ मध्ये तो आणि एरिक हुल्टमन एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाने डाव्या पायाने पॅडल मारलं, दुसऱ्याने उजव्या, अगदी थकेपर्यंत. दोघांचाही दुसरा पाय आरामात. नंतर दोघांनी पिष्टमय आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांत सुई खुपसून ग्लायकोजेन मोजलं. दमलेल्या पायात ते आरामातल्या पायापेक्षा कितीतरी जास्त साठलं होतं. मॅरेथॉनच्या आधी भात-पास्ता खाण्याचा जो सल्ला आज कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये मिळतो, त्याचं मूळ या दोन मांड्यांमध्ये आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्याबरोबर आहार आणि दमसास यांवर लिहिणाऱ्यांत बेंगट साल्तिन होता, नुकताच डॉक्टरेट झालेला. त्याच सुमारास तो अमेरिकेत डॅलसला गेला आणि तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्याच्या प्रयोगात सामील झाला. त्या पाचांची कमाल ऑक्सिजन-क्षमता सुमारे चतुर्थांशाने घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघालं. साल्तिन नंतर कोपनहेगनला गेला, म्हणजे क्रोगच्या गावी.

ही वंशावळ तपशिलात सांगण्याचं कारण आहे. या सगळ्यांत 'विद्यार्थी' कोण आणि 'सर' कोण हे ठरवणं कठीण जातं. डॉक्टरेट करणारा माणूस चालू कामातला एक हात असतो. प्रश्न प्रयोगशाळेचा, यंत्रं प्रयोगशाळेची, पुढचा तुकडा त्याचा. म्हणून त्याला पगार. आणि म्हणूनच तिथे अर्ज करताना आपण कोणत्या कामाला हात लावणार आहोत हे न कळता अर्ज करणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकण्यासारखं आहे.

ओस्लोतलंच आणखी एक उदाहरण घेऊ, कारण त्याचा आपल्याशी संबंध जोडता येतो. तिथल्या क्रीडाविज्ञान विद्यापीठात २००० साली खेळांतल्या दुखापतींवर काम करणारं एक केंद्र सुरू झालं. नॉर्वेतल्या हँडबॉल खेळणाऱ्या मुलींचे गुडघे फार जात होते. गुडघ्यातला समोरचा अस्थिबंध, म्हणजे खेळाडू ज्याला नुसतं 'एसीएल' म्हणतात तो, कुणी धक्का न देताच तुटत होता. केंद्रातल्या लोकांनी दुखापतींचे व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून पाहिले. जपानहून तिथे आलेल्या हिदेयुकी कोगा या अस्थिरोगतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी हँडबॉल व बास्केटबॉलमधले दहा प्रसंग घेऊन दाखवलं की पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत खेळ खलास होतो. 'सावध राहा' म्हणून ओरडणाऱ्या प्रशिक्षकाचा इथे काही उपयोग नाही. मग उपाय शोधला गेला वॉर्म-अपमध्ये. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ ते १७ वर्षांचे १,८३७ हँडबॉलपटू होते. तोल, उडी मारून उतरणं आणि ताकद यांचे ठरावीक व्यायाम करणाऱ्या संघांत गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. तीन वर्षांनी फुटबॉल खेळणाऱ्या १,८९२ मुलींवर अशीच चाचणी झाली, आणि त्यातून आलेला वॉर्म-अप आज जगभरच्या मैदानांवर चालतो.

आता कबड्डीचा गुडघा डोळ्यांसमोर आणा. चढाई करणारा एका पायावर वळतो, उजव्या कोपऱ्यातला घोट्याला झडप घालतो, मधला कंबर धरतो. हँडबॉलमध्ये धक्क्याशिवाय होणारी दुखापत इथे पकडीत होते. तोच अस्थिबंध, पण वेगळं यांत्रिकी. हा प्रश्न घेऊन ओस्लोला लिहिणारी मुलगी 'मला संशोधनाची आवड आहे' असं लिहिणाऱ्या शंभरांपेक्षा वेगळी दिसेल. अर्थात तिला जाहिरातीतल्याच प्रश्नावर काम करावं लागेल, हँडबॉलच्याच पोरींवर. पण मोजायची पद्धत ती शिकेल, आणि कबड्डीचे व्हिडिओ कुठे पळून जात नाहीत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ, कबड्डीसह, तिथल्या लोकांपुढे करून दाखवले होते. त्या ऑलिंपिकचा मुख्य संयोजक कार्ल डीम याने पुढे १९४७ मध्ये कलोनला क्रीडा विद्यापीठ काढलं. प्रात्यक्षिकाला नव्वद वर्षं होत आली. कबड्डीवरचा प्रयोगशाळेतला अभ्यास मात्र त्या मानाने फारच तोकडा राहिला आहे.

प्रश्न इथून घेऊन जाण्याची एक जुनी वाट लोणावळ्यातून गेलेली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं ते योग प्रयोगशाळेत तपासायचा या हेतूने. अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राचं संशोधन करणारा कोवूर बेहनन हा मूळचा केरळी तरुण तिथे येऊन प्राणायाम शिकला आणि येलला परतून त्याने स्वतःवरच ऑक्सिजनचा खर्च मोजला. त्याचं पुस्तक १९३७ मध्ये निघालं.

एवढं झाल्यावर पैशांचा दुसरा रस्ता, म्हणजे शिष्यवृत्तीचा. इथे एक सापळा आहे. महाराष्ट्र शासनाच्या आणि केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि ही क्रमवारी असते सर्वसाधारण. इंग्लंडमधलं लफबरो विद्यापीठ क्रीडाविषयांच्या क्यूएस क्रमवारीत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं येत आलं आहे. सर्वसाधारण क्रमवारीत मात्र ते अलीकडे दोनशेच्या पलीकडेच असतं. म्हणजे पहिल्या दोनशेंची अट असेल तर जगातलं पहिल्या क्रमांकाचं क्रीडाविज्ञान बाद. कलोनचं तर त्याहून वाईट. ओस्लोचंही. ही एकाच विषयाची विद्यापीठं असल्यामुळे अनेक विद्याशाखा मोजणाऱ्या यादीत ती बसतच नाहीत. परिणामी असा उमेदवार मोठ्या नावाच्या, पण खेळाचा विभाग जेमतेम असलेल्या विद्यापीठात जाऊन पडतो. सरकारी अटी बनवणाऱ्यांनी एकच सर्वसाधारण यादी समोर ठेवली, त्याची ही किंमत आहे. क्रीडाविज्ञानाची वेगळी जागतिक क्रमवारी शांघायहून २०१६ पासून निघते, तिच्यात कोपनहेगन, ओस्लो आणि ऑस्ट्रेलियातलं डीकिन अग्रभागी असतात. तिचा उल्लेख अटींत आला तरी बराच फरक पडेल.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये तीन-साडेतीन वर्षं, अभ्यासक्रमाचे पेपर जवळजवळ नाहीत, आणि २०२५-२६ मध्ये सरकारी संशोधन परिषदांचा स्टायपेंड २०,७८० पौंड. या परिषदांच्या जागांपैकी साधारण ३० टक्क्यांपर्यंतच परदेशी उमेदवारांना मिळू शकतात, त्यामुळे चुरस मोठी. अमेरिकेत चार-पाच वर्षं, आधी वर्ग, मग सर्वंकष परीक्षा, मग प्रबंध; फी माफ आणि बदल्यात पदवीच्या मुलांचे तास घ्यायचे. ज्यांची एम.पी.एड.ची संख्याशास्त्राची बैठक कच्ची आहे त्यांना मला वाटतं अमेरिकाच बरी, कारण तिथे शिकवून घेतात. ऑस्ट्रेलियाने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्ण न मिळाल्याची लाज वाटून १९८१ मध्ये कॅनबेराला क्रीडा संस्था काढली, आणि तेव्हापासून तिथली बरीच डॉक्टरेटची कामं थेट संघांच्या आत चालतात. जर्मनीत मार्गदर्शक मिळाला की अर्धं काम झालं. कलोनमध्ये जायचं आणखी एक कारण म्हणजे उत्तेजक-चाचणीची प्रयोगशाळा. ती नावारूपाला आणणारा रसायनशास्त्रज्ञ मान्फ्रेड डोनिके तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू होता आणि टूर द फ्रान्समध्येही उतरला होता. चोरी कुठे होते हे त्याला आतून ठाऊक असणार.

निवड झाल्यावर पहिल्या वर्षी जे वाट्याला येतं त्याची कल्पना जाहिरातीवरून येत नाही. सुरुवातीचे महिने नीती-समितीच्या परवानगीत जातात: कुणावर काय करणार, रक्त किती घेणार, माहिती कुठे साठवणार, सहभागी मध्येच सोडून गेला तर काय. मग सहभागी शोधायचे. हे सगळ्यात जिकिरीचं. ट्रेडमिलवर दम तुटेपर्यंत पळायला, मांडीत सुई घालून घ्यायला, तेही ऐन हंगामात, कोण चांगला खेळाडू तयार होईल? प्रशिक्षक तर दारातूनच परत पाठवतो. त्यामुळे अनेक अभ्यास विद्यापीठातल्या दहा-बारा धडधाकट पोरांवर उरकतात, आणि त्यांचे निष्कर्ष सगळ्या मानवजातीला लागू म्हणून छापले जातात. २०१४ ते २०२० या काळात सहा प्रमुख नियतकालिकांत आलेल्या ५,२६१ अभ्यासांची मोजदाद झाली तेव्हा सहभागींमध्ये स्त्रिया ३४ टक्के निघाल्या, आणि केवळ स्त्रियांवर झालेले अभ्यास फक्त ६ टक्के. आता त्यामुळेच मासिक पाळी आणि सराव यांवरच्या जागा निघू लागल्या आहेत.

या दहा-बारा पोरांनी क्रीडाविज्ञानात एक मोठं भांडणही लावून दिलं. एवढ्या थोड्या माणसांवर नेहमीच्या संख्याशास्त्राने काही सिद्ध होत नाही, म्हणून विल हॉपकिन्स आणि ॲलन बॅटरहॅम यांनी २००६ च्या सुमारास एक सोईस्कर पद्धत मांडली. शेकडो निबंध तिच्यावर निघाले. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी, विशेषतः २०१८ मध्ये क्रिस्टिन साइनानी यांनी, दाखवून दिलं की ही पद्धत नसलेले परिणाम दिसल्याचा भास वाढवते. कित्येकांचे प्रबंध तोवर झालेले होते. मुलाखतीत उमेदवाराला या वादाबद्दल विचारलं आणि त्याने नीट उत्तर दिलं, तर पदवीच्या गुणांकडे कुणी फार पाहत नाही. 'एसपीएसएस'मध्ये बटण दाबता येतं एवढ्यावर आता भागत नाही, 'आर'मध्ये स्वतः लिहावं लागतं.

शेवटच्या परीक्षेची तऱ्हा देशोदेशी निराळी. ब्रिटनमध्ये बंद दाराआड दोन परीक्षक आणि उमेदवार, घरच्यांनी बाहेर थांबायचं. स्वीडनमध्ये परीक्षेच्या काही आठवडे आधी प्रबंध विद्यापीठातल्या फळ्यावर खिळा ठोकून टांगतात, कुणीही वाचावा म्हणून. मग भर सभागृहात बाहेरून आलेला 'विरोधक' उमेदवाराला तासन्‌तास सोलतो. नॉर्वेत त्याआधी एक व्याख्यान द्यावं लागतं, ज्याचा विषय दहा कामकाजाचे दिवस आधी हातात पडतो. नेदरलँड्समध्ये घड्याळ लावून चालतं: वेळ संपली की काठी घेतलेला अधिकारी आत येऊन लॅटिनमध्ये तसं जाहीर करतो, उमेदवाराचं वाक्य अर्धं राहिलं असलं तरी सुटका. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात, जिथे त्या देशातली क्रीडाविज्ञानाची एकमेव विद्याशाखा आहे, पदवीदान सोहळ्यात डॉक्टरांना टोपी आणि तलवार मिळते. तलवारीचं पुढे करायचं काय, विमानतळावर काय सांगायचं, हा प्रश्न परदेशी विद्यार्थ्यांना खरोखर पडत असेल.

आणि मग परत यायचं असेल तर? इथे तो क्रमवारीचा सापळा दुसऱ्यांदा भेटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे परदेशी पीएच.डी.च्या बळावर, 'नेट' या पात्रता-परीक्षेशिवाय, सहायक प्राध्यापक व्हायचं तर ती पदवी क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एखाद्या जागतिक यादीत कधी ना कधी पहिल्या पाचशेंत आलेल्या विद्यापीठाची हवी. म्हणजे ओस्लोत नोकरी करून, दहा व्हिडिओंमधले ४० मिलिसेकंद मोजून आलेल्या माणसाला परभणीच्या किंवा सोलापूरच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक होताना त्या पदवीचा आधार मिळेलच असं नाही. शिवाय फिजिओथेरपीच्या पदवीवर क्रीडाविज्ञानात पीएच.डी. केलेल्यांना 'संबंधित विषय' या शब्दांवरून वेगळी हुज्जत घालावी लागते. यावर सोपा तोडगा एकच: निघण्याआधीच 'नेट' किंवा 'सेट' काढून ठेवायची. ती एकदा हातात असली की जाहिरात कुठल्या गावची आहे याने प्राध्यापकीपुरता फरक पडत नाही. ज्यांना महाविद्यालयात शिकवायचंच नाही, संघाबरोबर किंवा एखाद्या क्रीडासंस्थेच्या प्रयोगशाळेत काम करायचं आहे, त्यांना कुणी यादी विचारत नाही. तिथे मुलाखतीला समोर बसतो तो प्रशिक्षक, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो की माझ्या खेळाडूचा गुडघा हंगाम संपेपर्यंत टिकेल का.